करारात न बसलेली माणसे

महाराष्ट्रात महावितरणच्या उपकेंद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत ज्यांची जमीन आहे, त्यांच्या घरोघरी गेली दोन-तीन वर्षे एकच हिशेब मांडला जातो आहे. कोरडवाहू सोयाबीन किंवा कापसातून खर्च वजा जाता एकरी काय उरते, आणि तीच जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने दिली तर काय मिळते? 2023 मध्ये आलेल्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’ने खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी 1 लाख 25 हजार रुपये, म्हणजे एकरी सुमारे 50 हजार रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ देऊ केली आहे. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्याला हा आकडा मोठा वाटणे स्वाभाविक आहे. बीड जिल्ह्यातील आमच्या भावकीतही ही चर्चा चालू आहे, आणि मी जर्मनीत, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात राहत असल्यामुळे ‘तिकडे लोक काय करतात’ असे मला वारंवार विचारले जाते. इकडे जे पाहिले त्यावरून माझे मत असे बनले आहे की आपल्याकडील वाद जवळजवळ पूर्णपणे भाड्याच्या दराभोवती फिरतो, आणि ज्यांचे पोट त्या जमिनीवर आहे पण नाव सातबाऱ्यावर नाही, अशा माणसांचा विचार करारात कोठेच होत नाही.

ही योजना मुळात चांगली आहे, हे आधी स्पष्ट लिहितो. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी ही मागणी गावागावांतून वर्षानुवर्षे होत आली आहे. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री वीज येते म्हणून दारे धरायला जाणारा शेतकरी, त्याला असणारे साप-विंचवाचे आणि अलीकडे बिबट्याचे भय, हे ज्यांनी घरात अनुभवले आहे त्यांना दिवसा आठ तास वीज या शब्दांचे मोल सांगावे लागत नाही. उपकेंद्राजवळच वीज तयार करून शेतीच्या वाहिनीला द्यायची, ती युनिटमागे सुमारे 3 रुपयांना पडते, आणि दुरून वीज आणताना होणारी गळतीही कमी होते, हे गणित पटणारे आहे. भूसंपादनाऐवजी भाडेपट्टा हा मार्गही निश्चित अधिक न्याय्य आहे. धुळे जिल्ह्यातील विखरण गावचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ती घटना महाराष्ट्राने विसरता कामा नये. भाडेपट्ट्यात मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि पैसा दरवर्षी येत राहतो, त्यामुळे तशा शोकांतिकेचे एक मोठे कारण दूर होते.

मात्र भाडेपट्ट्याने मालकाचे रक्षण होत असले, तरी कसणाऱ्याचे होतेच असे नाही, हे मला जर्मनीत कळले. येथील शेतजमिनीपैकी सुमारे 60 टक्के जमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही. ती खंडाने घेतलेली असते. शेतीसाठी हेक्टरी वर्षाला सरासरी तीन-चारशे युरो खंड मिळतो, तर सौर कंपन्या त्याच हेक्टरला 3 हजार युरोंहून अधिक भाडे देतात. मालक शहरात राहणारा असेल, तर तो काय निवडेल हे उघड आहे. खंडाची मुदत संपली की पिढ्यान्‌पिढ्या तेच शेत कसणाऱ्या कुटुंबाला जमीन सोडावी लागते, आणि दुग्धव्यवसाय करणाऱ्याची वैरणीची जमीन गेली की गोठाही टिकत नाही. येथील शेतकरी संघटनांच्या विरोधाचे हे एक मोठे कारण आहे. सौर ऊर्जेला विरोध म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांनी खंडकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे.

आपल्याकडे ही गोष्ट अधिक बिकट आहे, कारण आपल्या वाटेकऱ्याकडे कागदच नसतो. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कुळकायद्याच्या धास्तीने मालक बटाईचा, म्हणजे पिकाच्या वाट्यावर जमीन कसायला देण्याचा, करार लिहून देत नाही, सातबाऱ्यावर पीकपाहणीत वाटेकऱ्याचे नाव लागू देत नाही, आणि दोन्ही बाजूंचा व्यवहार शब्दावर चालतो. त्यामुळे कंपनीचा प्रतिनिधी आणि तलाठी यांच्या दृष्टीने तो माणूस अस्तित्वातच नसतो. आमच्याच जमिनीबद्दल मी भावांना सुचवले आहे की जमीन द्यायची ठरली तर निम्मेबटाईने ती कसणाऱ्या कुटुंबाला पहिली काही वर्षे भाड्यातील हिस्सा लेखी द्यावा. थोरल्या भावाचा आक्षेप असा की असे लिहून दिले तर उद्या तोच कागद कूळ म्हणून हक्क सांगायला वापरला जाईल. त्याची भीती निराधार नाही. म्हणूनच हे काम एकेका घराच्या सदिच्छेवर सोडण्यासारखे नाही. कुळाचा हक्क निर्माण न करता कसणाऱ्याला भरपाई देता येईल असा नमुना करारनामा सरकारनेच तयार करायला हवा.

आणि मग गायरान. योजनेत सरकारी जमिनींना प्राधान्य आहे आणि त्या नाममात्र भाड्याने देता येतात, त्यामुळे अनेक गावांत प्रकल्पाची पहिली नजर गायरानावर पडते. कागदावर गायरान म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली जमीन. प्रत्यक्षात मराठवाड्यातील गायरानांवर भूमिहीन दलित आणि भटक्या समाजातील कुटुंबे दोन-दोन पिढ्या कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह ज्या प्रश्नावर झाले, तोच हा प्रश्न आहे. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने 1991 मध्ये घेतला, पण पुराव्याचा कागद नाही म्हणून असंख्य कुटुंबांचे अर्ज तसेच पडून राहिले. अशा जमिनीवर एका सकाळी पोलीस बंदोबस्तात मोजणी सुरू झाली, तर त्या कुटुंबाने स्वच्छ ऊर्जेचे कौतुक कसे करावे? जे कसत नाहीत पण शेळ्या-मेंढ्या चारतात, त्यांचेही तेच. धनगराच्या वाटेवर अचानक तारेचे कुंपण उभे राहते आणि त्याला विचारणारे कोणी नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी गावाच्याच उपयोगासाठी राखाव्यात असे बजावले होते. सौर प्रकल्प हे सार्वजनिक प्रयोजन आहे असे म्हणणे हा त्यातून काढलेला मार्ग आहे, पण सार्वजनिक या शब्दात त्या गावातील सर्वांत गरीब माणूसही यायला हवा.

गावाच्या वाट्याला पैसा किती येतो, याचाही हिशेब करून पाहावा. योजनेनुसार प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी 5 लाख, असे एकूण 15 लाख रुपये मिळतात. पाच मेगावॅटचा प्रकल्प आपल्या उन्हात वर्षाला साधारण 80 लाख युनिट वीज देतो. पंचवीस वर्षांचे मिळून 20 कोटी युनिट होतात, म्हणजे गावाला युनिटमागे एक पैसाही पडत नाही. जर्मनीच्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याच्या सहाव्या कलमात 2021 पासून अशी तरतूद आहे की जमिनीवरील सौर प्रकल्पाने स्थानिक ग्रामपालिकेला प्रत्येक युनिटमागे 0.2 सेंटपर्यंत रक्कम द्यावी. ती ऐच्छिक असली तरी तिच्यामुळे गावाची सहमती मिळवणे सोपे जाते. ब्रँडनबुर्ग राज्याने तर 2025 पासून अशा नव्या प्रकल्पांवर मेगावॅटमागे वर्षाला 2 हजार युरो देणे सक्तीचे केले आहे. या रकमेचे मोठेपण तिच्या आकड्यापेक्षा तिच्या सातत्यात आहे, कारण प्रकल्प चालतो तोवर गावाच्या अंदाजपत्रकात ती धरता येते. महाराष्ट्राने युनिटमागे केवळ 5 पैसे ठरवले, तरी पाच मेगावॅटच्या प्रकल्पातून गावाला वर्षाला 4 लाख आणि पंचवीस वर्षांत 1 कोटी रुपये मिळतील. तीन रुपयांची वीज तीन रुपये पाच पैशांना पडेल, इतकाच त्याचा भार.

प्रकल्पाच्या मालकीचा विचार तर आपल्याकडे अजून सुरूच झालेला नाही. जर्मनीत नऊशेहून अधिक ऊर्जा सहकारी संस्था आहेत. शंभर-दोनशे युरोंचा भाग घेऊन गावातील शिक्षक, बेकरीवाला, निवृत्त पोस्टमन त्यांचे सभासद होतात, आणि भाग कितीही असले तरी प्रत्येकाला मत एकच असते. ही पद्धत आपल्याला परकी नाही. फ्रिड्रिश राइफायझेन यांनी येथील खेड्यांत उभ्या केलेल्या पतसंस्थांचा अभ्यास फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारसाठी केला, त्यातून 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा झाला, आणि त्याच परंपरेत पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभारला. वीज वाटणारी सहकारी संस्थाही नगर जिल्ह्यात होतीच; मुळा-प्रवरा संस्थेने 2011 पर्यंत ते काम केले आणि थकबाकीच्या ओझ्याखाली ते महावितरणकडे गेले. त्या अनुभवामुळे सहकार म्हटले की आज अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. तरीही वीज वाटून तिची वसुली करणे वेगळे, आणि वीज तयार करून एकाच ग्राहकाला ठरलेल्या दराने विकणे वेगळे. दुसऱ्या कामात थकबाकीदार सभासदांचा प्रश्न येत नाही. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सौर पंपधारकांची सहकारी संस्था काढून उरलेली वीज विकायला सुरुवात केली, हे उदाहरण तर आपल्या शेजारचेच आहे. प्रत्येक प्रकल्पातील 10 टक्के भांडवल गावकऱ्यांसाठी राखीव ठेवायला काहीच हरकत नसावी, आणि भूमिहीनांचे भाग ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतून घेता येतील.

जर्मनीचे सगळेच उचलावे असे मी म्हणणार नाही. येथे ऊन कमी, जमीनधारणा मोठी आणि सरकारची तिजोरी भरलेली आहे. पूर्वेकडील राज्यांत दूरच्या गुंतवणूकदारांनी शेकडो हेक्टर एकगठ्ठा घेतल्याची उदाहरणेही येथेच आहेत. मात्र एक गोष्ट आपल्या कोरडवाहू भागाला विशेष उपयोगी आहे. पॅनेल उंचावर बसवून खाली पीक घेण्याच्या पद्धतीसाठी येथे 2021 मध्ये मानक ठरले, आणि त्यात मूळ उत्पन्नाच्या किमान 66 टक्के पीक आलेच पाहिजे अशी अट आहे. बोडेन सरोवराजवळच्या हेगेलबाख येथील प्रयोगात 2018 च्या कडक उन्हाळ्यात सावलीतील काही पिके उघड्या शेतापेक्षा सरस आली, कारण जमिनीतील ओल टिकली. उन्हाने होरपळणाऱ्या मराठवाड्यात हे अधिक लागू पडेल असे मला वाटते. परभणीच्या कृषी विद्यापीठातही पॅनेलखालच्या पिकांवर काम चालू आहे. उंच सांगाड्याला खर्च जास्त येतो, त्यामुळे प्रत्येक प्रकल्पात ते जमणार नाही. पण मेंढ्यांना चरू देणे बिनखर्चाचे आहे. येथे तर गवत कापण्याऐवजी मेंढपाळाला बोलावून पैसे दिले जातात. शेळ्या पॅनेलवर चढतात म्हणून त्यांना सोडत नाहीत, मेंढ्या मात्र शांतपणे खालून चरत जातात. गायरानावरच्या प्रकल्पात गावच्या मेंढपाळांना चराईचा लेखी हक्क आणि कुंपणाला त्यांच्यासाठी फाटक, ही अट ग्रामसभेच्या ठरावातच घालता येईल.

करार मराठीत असावा आणि सही होण्यापूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, जमीन कोण कसतो आणि कोण चारतो याची पाहणी मोजणीच्या आधी व्हावी, आणि त्या यादीतील कुटुंबांची सोय लागल्याशिवाय काम सुरू होऊ नये, एवढे तरी आज सुरू असलेल्या करारांत घालणे शक्य आहे. प्रकल्पाचे आयुष्य संपल्यावर लोखंडी खांब, काँक्रीट आणि काचा काढून जमीन पूर्ववत करून देण्याची अनामत रक्कमही पहिल्याच वर्षी बँकेत जमा करून घ्यावी, कारण आज ज्या कंपनीची सही कागदावर आहे तिने तोपर्यंत प्रकल्प दोनदा-तीनदा विकलेला असू शकतो, आणि तेव्हा शेतकऱ्याच्या नातवंडांनी हे सारे काढण्याचा खर्च कोणाकडे मागायचा, याचे उत्तर आजच्या करारातच असले पाहिजे.