काका, छिन्नीचं मात्र ऐकणार नाही

नमस्कार काका,

पस्तीस वर्षं गॅरेज चालवलंय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. माझ्या पद्मिनी गाडीच्या इंजिनाची मागची मेन बेअरिंग कॅप (क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, ब्लॉकला म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला धरून ठेवणारं धातूचं झाकण) घरी कशी सोडवली, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत: बोल्टला धरून कॅप हलवली तर ब्लॉकचे आटे जातात, सांध्यात छिन्नी घालून दोन ठोके दिले की पाच मिनिटांत काम होतं, आणि असली कामं पार्किंगमध्ये करायची नसतात.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. 'बोल्ट अर्धे पिळून ठेवा आणि हलवा' असं मी लिहिलं आणि केलंही तसंच. आटे वाचले ते नशिबानं. बोल्ट ब्लॉकच्या आट्यांतून पूर्ण सुटलेले हवेत, नुसते कॅपच्या भोकांत उभे. मग दोन्ही मुठीत धरून क्रँकच्या लांबीच्या दिशेनं पुढे-मागे डोलवायचे आणि डोलवता डोलवता वर ओढायचं. लेखात दुरुस्ती केली आहे.

छिन्नीचं मात्र ऐकणार नाही. तुम्हाला हे सांगणं म्हणजे आजोळच्या गोष्टी आजीला सांगणं, पण इतर वाचकही आहेत म्हणून लिहितो. कारखान्यात कॅप ब्लॉकवर आवळूनच बोअर मारतात. क्रँक ज्या भोकात फिरतो त्याचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये, अर्धा कॅपमध्ये. म्हणून तर एका इंजिनाची कॅप दुसऱ्याला चालत नाही, आणि काढलेली कॅप उलटी फिरवूनही बसवायची नसते. सांध्यात छिन्नी घातली की कडेला धातूचा बारीक उंचवटा उठतो. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतो. क्रँक आणि शेल (भोकाच्या आत बसणारं पातळ धातूचं अस्तर) यांच्यातली तेलाची फट मुळात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची, साधारण केसाच्या जाडीहूनही कमी. तिथे एवढासा उंचवटाही कॅप तिरकी बसवायला पुरतो.

हे पुस्तकी नाही. माझ्याच इंजिनाच्या मधल्या कॅपवर जुना छिन्नीचा घाव सापडला. माझ्या आधी कोणीतरी इंजिन खोललं होतं. त्या कॅपचा शेल एका कडेला आरशासारखा चकाकत होता, दुसऱ्या कडेला करडा. गरम झाल्यावर ऑईल प्रेशर का पडतं म्हणून मी दोन वर्षं पंपाला शिव्या देत होतो.

शिवाय छिन्नी एका बाजूनं उचलते, तिथेच गडबड होते. कॅप ब्लॉकच्या खाचेत घट्ट बसलेली असते. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी कपाटाचा खण एका कडेला ओढला की आणखी अडकतो, अगदी तसंच. माझीही दोनदा अशीच अडकली. तेव्हा ओढणं थांबवून नायलॉनच्या हातोडीनं पुन्हा सपाट बसवली आणि कडांना आळीपाळीनं हलके ठोके दिले. चौथ्या-पाचव्या फेरीला आवाज बदलला. आधी 'ठण्' यायचा, मग भरीव 'ठप्'. त्यानंतर बोल्ट डोलवले आणि कॅप हातात आली, कडांना वाळलेल्या तेलाचा तपकिरी थर आणि जुन्या सीलंटचे लोंबते धागे घेऊन. सगळा जोर त्या सीलंटचा होता. खरवडून आधीच मऊ केलं असतं तर अर्धा तास वाचला असता, हेही लेखात राहिलं होतं.

राहिला पार्किंगचा मुद्दा. खोलणं घरी केलं, मोजमाप नाही. कॅपा आवळून बोअर तपासायला ब्लॉक उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडेच नेला. रिक्षाटेम्पोत तो धरून बसलो होतो, पाठ अजून दुखते. आपल्या कोल्हापुरात एवढी सोय हाकेच्या अंतरावर असताना घरी अंदाजपंचे करण्यात शहाणपण नाही, इथे तुमचं-माझं एकच मत आहे.

मधल्या कॅपचा फोटो उद्या टाकतो. तो घाव छिन्नीचा की पेचकसाचा, हे तुम्हीच ओळखाल.