काम नसलेल्या दिवसाचा पगार

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी लोकांनी हेच केलं, असा त्यांचा दाखला. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले, रविवारसुद्धा सोडला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. असं काही झालं की कोल्हापूरहून दादाचा फोन येतो. शिरोली एमआयडीसीत त्याचं छोटं मशीन शॉप आहे. "तुमच्या जर्मनीत किती तास करत्यात गं?"

मी स्टुटगार्टजवळ एका कंपनीत पंपांच्या हाउसिंगची ड्रॉइंग करते. आमच्याकडे धातू उद्योगाचा करार लागू आहे, आठवड्याला ३५ तास. हे तास कुणी दानात दिलेले नाहीत. १९५६ मध्ये इथल्या कामगार संघटनांनी एक पोस्टर काढलं होतं, त्यावरचं लहान मूल म्हणतं, "शनिवारी बाबा माझे." १९६७ मध्ये या उद्योगात ४० तास आले. १९८४ मध्ये जवळजवळ सात आठवडे संप झाला, आणि ३५ तास प्रत्यक्षात यायला १९९५ उजाडलं. मूर्तींनी ज्या जर्मनीचा दाखला दिला, त्या जर्मनीची भरभराट चालू असतानाच तास कमी होत गेले. सत्याचा हा अर्धा भाग मात्र आपल्या वादात येतच नाही, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

पण तासांच्या या भांडणात त्याहून मोठा एक प्रश्न हरवलाय. ज्या दिवशी कामच नसतं, त्या दिवसाचं काय?

असे दिवस कारखान्यात येतातच. २०२३ चा जून संपत आला होता. ड्रॉइंग ग्राहकाकडे गेलेली, मंजुरी आलेली नाही, ती आल्याशिवाय साच्याला हात लावायचा नाही. ऑफिसात कुणी जुन्या फाइली लावत होतं, कुणी फक्त खिडकी उघडून बसलं होतं. माझ्या खात्यावर जादा केलेले तास शिल्लक होते. दुपारी साहेबांना सांगितलं, निघते. त्यांनी मान डोलावली. दारापाशी कार्ड लावलं आणि थेट थिएटर गाठलं, कारण त्याच गुरुवारी, २९ जूनला, इंडियाना जोन्सचा पाचवा भाग लागला होता.

पहिला भाग १९८१ चा, चौथा २००८ चा. त्यानंतर १५ वर्षं लोक वाट बघत होते. हॅरिसन फोर्ड तेव्हा ८० वर्षांचा होता, संगीतकार जॉन विल्यम्स ९१ चे. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक सुतार बसला होता. अंगात कामाची पॅंट, मांडीवरच्या खिशातून घडीची पट्टी डोकावतेय. दिवसाढवळ्या इथे कसा, असं त्याला कुणी विचारलं नाही, मलाही नाही.

सिनेमाबद्दल लोकांनी बरीच नाकं मुरडली, गल्लाही खर्चाच्या मानाने जमला नाही. अडीच तासांहून लांब आहे हे खरं. सुरुवातीला कॉम्प्युटरने तरुण केलेला चेहरा मलाही पटला नाही. टॅंजियरच्या गल्ल्यांमधला रिक्षांचा पाठलाग फार ताणलाय. तरी मला हा भाग आवडला, तो त्यातल्या थकलेल्या माणसासाठी. १९६९ सालातलं न्यूयॉर्क, प्राध्यापक जोन्सचा कॉलेजातला शेवटचा दिवस. वर्गातल्या पोरांचं लक्ष नाही. सहकारी त्याला निरोपाची भेट म्हणून घड्याळ देतात. तो ते घेतो आणि बाहेर रस्त्यावर दिसलेल्या एका माणसाच्या हातात देऊन टाकतो. साऱ्या नोकरीच्या बदल्यात मिळालेलं घड्याळ! पुढे सिराक्यूजच्या वेढ्यात आर्किमिडीज समोर उभा राहतो, विमानं कोसळतात, ते सगळं ठीक. मला त्या घड्याळापाशी बाबा आठवले.

बाबा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. सागवानाचे पॅटर्न करायचे, त्यावरून फाउंड्रीत साचा निघायचा. मिलिमीटरभर फरक राहिला तर सगळा माल वाया, त्यामुळे हात बसलेला माणूस लागायचा. ऑर्डर नसली की ते बाकड्यापाशी उभे राहून धार असलेल्याच पटाशीला पुन्हा धार लावत. मालकाला हात रिकामे दिसू नयेत म्हणून. उमा टॉकीज चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि त्यांना सिनेमाचं वेड होतं, पण कामाच्या दिवशी मॅटिनीला गेल्याचं मला आठवत नाही. सरळ उभं राहून राहून संध्याकाळी त्यांची कंबर धरलेली असायची. त्या दिवशी पॅटर्न एकही झालेला नसायचा.

आणि हे कोल्हापुरात! जिथे बाबुराव पेंटरांनी १९१८ मध्ये स्वतः कॅमेरा बनवला, त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ खरी कॉर्नरला उभा आहे. जिथे १९२९ मध्ये प्रभात सुरू झाली, जिथे भालजींचा जयप्रभा स्टुडिओ होता, जिथे चौकाचौकाला टॉकीजचं नाव आहे. या गावात सिनेमा बघणं कधी वाया घालवलेला वेळ नव्हता. सुतार, रंगारी, शिंपी, लाइटवाले यांची कितीतरी घरं त्यावर चालली. त्या गावातल्या कारागिराला रिकाम्या दुपारी तीन तास हक्काने मिळू नयेत, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो पटकन म्हणाला, "अगं, तुमचं बरं हाय. काम नसलं तरी पगार चालू. माझं ऑर्डरचं शेड्यूल निम्मं आलं की मी पोरांना सांगतो, उद्या येऊ नका. बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी येत्यात, लाइट बिल थांबत न्हाई. मी कुठनं देऊ?"

त्याचं खोटं नाही. छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं असा कायदा आहे, पण मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडून पुढचं काम कोण घालवणार? शिवाय मंदी आमच्याकडून त्याच्याकडे जाते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग ट्रॅक्टरला जातं, मोटारींना जातं, युरोपात येतं. इथली ऑर्डर थांबली की तिकडची भट्टी थंड पडते. मी दुपारी सिनेमाला जाते आणि त्याच मंदीत तिकडे एखाद्याची हजेरी बुडते, हे मला डाचतं.

इथे मालकाने एकट्याने भार घ्यायचा नसतो, हा खरा फरक आहे. पगारातून बेकारी विम्याचे २.६ टक्के जातात, निम्मे कामगाराचे, निम्मे मालकाचे. काम घटलं की कंपनी रोजगार संस्थेकडे अर्ज करते, तास कमी होतात, आणि बुडालेल्या निव्वळ पगारातले ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, त्या विम्यातून मिळतात. माणूस नोकरीवरच राहतो. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख लोक असे होते. मंदी सरली की तेच कसलेले हात मशीनवर परत येतात, नवा माणूस शिकवावा लागत नाही.

आपल्याकडे ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवल्याची, भरपाई १९५३ पासून कायद्यात आहे, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी. पण ५० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला ती लागू नाही आणि ठेकेदाराकडच्या पोरांना सहसा मिळत नाही. म्हणजे उद्यमनगर आणि शिरोलीतली बहुतेक छोटी शॉप्स सुटलीच.

जर्मनीत सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. मोटार उद्योगात नोकऱ्या जातायत. चान्सलर मेर्त्सही २०२५ मध्ये म्हणाले की देशाने जास्त काम करायला हवं. आता ऑफिसात शांत दिवस आला की लोक खिडकी उघडून बसत नाहीत, एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघतात. पण त्या भीतीच्या खाली काहीतरी धरायला आहे. बाबांच्या पायाखाली काही नव्हतं, दादाकडच्या पोरांच्याही नाही.

म्हणून १२ तासांच्या निर्णयाला माझा विरोध आहे. काम असेल तेव्हा बारा तास घ्यायची मुभा मालकाला देताना, काम नसेल तेव्हाचे तास कोण भरणार हे कुणी ठरवलं नाही. ठरवणं अशक्यही नाही. ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा महामंडळात, मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के आताही जमा होतात. नोकरी गेलेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत रोजीचा काही भाग देणारी योजना तिथे २०१८ मध्ये आली, २०२० मध्ये तो भाग निम्म्यावर नेला. नोकरी जायची वाट न बघता, तास घटतील तेव्हाच ती लागू करा. छोट्या शॉपलाही, आणि आधी ठेकेदाराकडच्या पोरांना.

दादाला हे पटलंय, निदान अर्धं. "कागद कसे असत्यात तेवढं मराठीत करून पाठव," म्हणाला. "असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मांडतो. पण तास कमी करायचं काढू नकोस हं, तिथं माझं-तुझं जमायचं न्हाई." इथल्या अर्जाचा नमुना मी मराठीत करायला घेतलाय. कामगार संख्येच्या रकान्यात किमान आकडा घालायचा की नाही, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. मी म्हणते, एकही घालू नको.