रात्री कोण उठणार, हे पगार ठरवतो

कुणाच्या आजारी आईवडिलांचा विषय निघाला की लोक लगेच संस्कारांवर घसरतात. "आजकालच्या सुनांना नको असतंय." मला याचा संताप येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी रात्री कोण उठणार, हे घरात किती पैसा येतो त्यावर ठरतं.

कोल्हापुरात, रुईकर कॉलनीत माझी आत्या राहते. तिच्या यजमानांना अर्धांगवायू झाला. मुलाची कमाई चांगली, त्यामुळे दिवसा एक बाई, रात्री दुसरी. एअर बेड, डायपर, फिजिओथेरपिस्ट, सगळं आहे. तरी बाई आली नाही की फोन सुनेलाच जातो, मुलाला नाही.

मैत्रीण फुलेवाडीत राहते, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. घरात हिशोब मांडला गेला: बाईचा पगार तिच्या पगारापेक्षा जास्त, मग नोकरी कशाला? हा हिशोबच खोटा आहे. बाईचा खर्च दोघांच्या मिळून कमाईतून का वजा होत नाही? आणि तिचा सुटलेला अनुभव, पुढची कायम होण्याची संधी, ती कुठल्या रकान्यात धरायची? मधल्या उत्पन्नाच्या घरात नेहमी सुनेचीच नोकरी 'परवडत नाही'.

आत्याकडे दिवसा येणाऱ्या मावशी राजेंद्रनगरातून येतात. आतोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठ कोरडी ठेवायची, नाहीतर जखमा होतात. हे त्या इतक्या हळुवार करतात की बघत राहावं. एकदा त्यांच्या घरी गेले. त्यांची सासू खाली गोधडीवर, दोरीवर जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत घातलेल्या, आणि जवळ बसलेली सातवीतली पोर. "ताई, पोरीला शाळंत धाडली तर म्हातारीला कोण बघणार? मी घरात बसले तर खायाचं काय?"

ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलं न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला, तिथे ही पोर घरी बसते. आज दंड कुणाला करायचा? त्या मावशीला?

केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८. पण सरासरीत आत्याची सून आणि ही सातवीतली पोर एकाच ओळीत बसतात. २०१७ पासून ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. घरोघर काम करणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? आणि म्हाताऱ्यांसाठी तर तेवढंही नाही. लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांनी किराण्याला हातभार लागतो, नक्कीच लागतो, पण त्यात महिनाभर आजारी माणूस सांभाळायला कुणी येत नाही.

महापालिकेनं प्रत्येक प्रभागात एक हॉल दिवसभर वृद्धांसाठी उघडावा, दोन प्रशिक्षित बायका पगारावर नेमाव्यात. मावशीची पोर दुसऱ्या दिवशी शाळेत जाईल. सरकारी पैशाची याहून निकडीची जागा मला तरी दिसत नाही.

तोवर ज्यांच्या घरी अशी बाई येते त्यांनी निदान महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या द्याव्यात. आत्याकडे गेल्या महिन्यापासून दिल्यात. त्या दिवशी मुलगा रजा टाकतो आणि वडिलांचं डायपर स्वतः बदलतो.