विहीर बुजवण्याआधी तिची गोष्ट ऐका

विहिरीच्या पाण्याने दुखणं बरं होतं म्हटलं की एक जण हात जोडतो, दुसरा हसतो. मला दोघांशीही बोलायचंय.

ताप आला तर रक्त तपासायचं, विहिरीचं पाणी प्यायचं नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या कथांनी विहिरी राखल्या, हेही तितकंच खरं. जिथे साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचे, शेंदूर लावलेले दगड असतात तिथे कुणी थुंकत नाही, चपला घालून कठड्यावर चढत नाही. पोर सारखं आजारी पडलं की आई तिथे दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवून येते. आसरांचा धाक होता म्हणून पाणी स्वच्छ राहिलं.

चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 सालची. समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी! पारशी आजही तिथे दिवा लावून प्रार्थना करतात. वाळकेश्वरचं बाणगंगा तळं तर थेट रामायणाशी जोडलेलं. गावठाणांतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नात वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. तीन समाज, तीन धर्म, आणि पाण्यापुढे सगळे नम्र.

1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. डास विहिरींतच वाढत होते, बेंटली चुकले नव्हते. पालिका विहिरी झाकायला, बुजवायला निघाली तेव्हा हिंदू आणि पारशी दोघांनीही विरोध केला. पालिकेतलेच रुस्तम मसानी यांनी मात्र या श्रद्धांकडे अडाणीपणा म्हणून पाहिलं नाही. त्यांनी विहिरींच्या कथा गोळा केल्या, 1918 साली त्यांचं पुस्तक निघालं. सरकारी माणसाने लोकांचं इतकं मनापासून ऐकून घ्यावं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. (पुढे ते मुंबईचे पहिले भारतीय महापालिका आयुक्त झाले.)

आता तर डासांचं कारणही पुरत नाही. गप्पी मासे सोडता येतात, जाळी बसवता येते, गाळ काढता येतो. तरी विहिरी बुजतायत, कारण जागेला भाव आहे आणि गोष्ट सांगणाऱ्या आज्या उरल्या नाहीत.

आमच्या वाडीच्या पुनर्विकासाच्या नकाशात विहिरीच्या जागी पार्किंग दाखवलंय. विहीर नकाशात परत येईपर्यंत मी संमतीपत्रावर सही करणार नाही. शेजाऱ्यांनाही हेच सांगतेय.