पत्रक खरंच रद्दीत जातं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. दोन ओळीत उत्तर टाकून मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ज्याचं गिऱ्हाईक आसपासच्या चार गल्ल्यांतलं आहे त्यानं आधी पत्रकं, पाटी, पिशवी यावर पैसे घालावेत आणि मग मोबाईलवरच्या जाहिरातीवर. त्यावर दादांचं म्हणणं असं की पत्रक रद्दीत जातं, किती जणांनी वाचलं ते कळत नाही, तेवढ्याच पैशात इन्स्टाग्रामवर हजारो लोक बघतात, आणि मी फ्लेक्स लावून शहर विद्रूप करायला सांगतेय.

फ्लेक्सचं आधी बोलते कारण ते मला लागलं. फ्लेक्स लावा असं मी कुठंही लिहिलेलं नाही. विनापरवाना फलक लावणं हा आपल्याकडं १९९५ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ती बातमी बघितल्यावर कुणाला चौकात बोर्ड लटकवायला सांगायची माझी हिंमत होणार नाही.

आता रद्दीचं. आमचं कोल्हापुरात मिरची कांडप आहे, सासूबाईंनी सुरू केलेलं. चटणीचा, म्हणजे वर्षभराच्या तिखट मसाल्याचा, सिझन फेब्रुवारी ते मे, त्यात वर्षाचा धंदा. पहिल्या वर्षी मी पण नाव, पत्ता, फोन आणि "उत्तम सेवा" असं छापून पेपरात घालायला दिलं, आणि तुमचं खरं आहे, ती सगळी रद्दीत गेली. पुढच्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, त्यात बाईच्या कामाचं काय आहे? मग आम्ही पत्रकावर किलोभर मिरचीला काय काय आणि किती लागतं ते छापलं. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी, मग धने, खोबरं, तीळ, खडा मसाला, कांदा, लसूण, आणि मिरची किती दिवस उन्हात घालायची ते. आमचं नाव अगदी खाली, बारीक अक्षरात. दोन वर्षांनी कसबा बावड्यातल्या एक काकू मिरच्या घेऊन आल्या, त्यांच्या हातात तेच पत्रक, घड्या पडून चिरलेलं, कडेला तेलाचा डाग, आणि धन्याच्या आकड्यावर पेनानं खाडाखोड करून त्यांनी स्वतःचं माप लिहिलेलं. डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं म्हणे. दोन वर्षं रोज दार उघडलं की आमचं नाव समोर. दादा, इतकी जागा मला कुठली जाहिरात देणार होती?

मोजता येत नाही म्हणता, तर आम्ही मोजतो. उचगावला पिवळा कागद, बावड्याला गुलाबी, राजारामपुरीला पांढरा, आणि पत्रक आणलं की पाव किलो कांडप फुकट. कागद पैशाच्या गल्ल्यात टाकायचा आणि रात्री रंगवार मोजायचे. शिवाय वजन करताना "कुणी सांगितलं आमचं?" एवढं विचारायचं आणि वहीत लिहायचं. राजारामपुरीचे पांढरे कागद फारच कमी आले, मग तिकडं देणं बंद केलं, ते पैसे उचगावला वळवले.

हजारो लोकांचं म्हणाल तर इन्स्टाग्रामवर आम्ही पण पैसे घातले, जवळच्या भागापुरती जाहिरात लावली, लाईक पण आले. पण चटणी कुठं कांडायची हे घरातल्या मोठ्या बायका ठरवतात आणि त्या शेजारणीला विचारून ठरवतात, तिथं लाईकचा काही संबंध येत नाही. २०१८ ला प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या तेव्हापासून पाच किलोच्या वर कांडप असेल तर आम्ही छापील कापडी पिशवी देतो, ती पिशवी कपिलतीर्थ मंडईत भाजी आणायला जाते, आणि तिथं एक बाई दुसरीला विचारते, कसं आहे गं हे कांडप? तो प्रश्न विचारला जावा म्हणून पिशवीचा खर्च.

एक गोष्ट मात्र तुमची शंभर टक्के मान्य. पुण्या-मुंबईला कुरियरनं चटणी पाठवायची तर पत्रकाचा काही उपयोग नाही, तिथं मोबाईलच लागतो, आणि गुगल मॅपवर दुकानाचं ठिकाण, वेळ आणि फोन बरोबर असणं तर सगळ्यांनाच लागतं. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, आज त्यात तसं घातलंय.

पण ज्या पोराला नवीन सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचंय, हातात सगळं धरून दहा हजार आहेत, त्याला "पहिले ऑनलाईन ॲड लाव" असं नका सांगू. त्याला शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी पंप घेऊन उभं राहू दे, चाकात हवा फुकट भरून दे म्हणावं, आणि सीटखाली दुकानाच्या नंबराचा स्टिकर लाव. सायकल पंक्चर झाली की पोरगं तोच नंबर लावणार.