तीन तास लाइट नाही आणि सव्वा किलो टर्की मातीत

डोकं फिरलंय माझं. रविवारचा अख्खा दिवस आणि सव्वा किलो मांस मातीत गेलं, आणि विचारायला गेलं तर "फॉल्ट होता" एवढंच.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, ७८ वर्षांचे. खालचे दात गेलेत. मटण चघळून बाजूला काढतात, काही बोलत नाहीत, पण मला दिसतं ना. दिराच्या मित्रानं अंबाजोगाईजवळ शेतात टर्क्या, म्हणजे कोंबडीसारखे मोठे पक्षी, पाळल्यात. त्यानं छातीचा तुकडा दिला. छातीच्या मांसात चरबी नसल्यातच जमा. प्रेशर कुकरला शिट्ट्या दिल्या की त्याचा कापूस होतो, दातवाल्यालाही गिळवत नाही. म्हणून स्लो कुकर काढला, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं लाइटवरचं भांडं. भावानं पुण्याहून आणलेला, आत जड चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण.

तयारी काय थोडी केली? शुक्रवारी रात्रीच तुकडा फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढला, कारण गोठलेलं मांस त्यात टाकायचं नसतं, आतपर्यंत ऊन व्हायला फार वेळ जातो. शनिवारी रात्री हळद, मीठ, आलं-लसूण आणि आमचा घरचा काळा मसाला चोळून ठेवला. सकाळी आठला खाली कांद्याच्या जाड चकत्या, वर तुकडा, वाटीभर पाणी, झाकण. पहिला तास हायवर, मग लोवर. पोरांना दम दिला, झाकणाला हात लावायचा नाही. एकदा उचललं की साठलेली वाफ जाते आणि वीस-तीस मिनिटं मागं पडतं. पोरं बिचारी लांबून काचेतून बघत होती.

दहा चाळीसला लाइट गेली. ना वारा, ना पाऊस, आभाळ लख्ख. दोन दिवस आधी नाही, तासभर आधी नाही, कुणाचा एक शब्द नाही. फोन लावला तर उचलत नाहीत, उचलला तर "लाइनमन गेलाय". कुठं गेलाय? अकरा, बारा, एक. एक पन्नासला आली. आली म्हणजे कशी, तर फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर १६५ आकडा! २३० व्होल्टची वस्तू १६५ वर चालवली की उष्णता निम्म्यावर येते. अडीचशे वॅटचं भांडं सव्वाशेवर रडत होतं. दिवा पेटलेला दिसतो म्हणून लाइट आली म्हणायची का?

भाच्याचा सळईचा थर्मामीटर आहे घरात. तुकड्याच्या मधोमध खुपसला. ४३! कोंबडी असो की टर्की, आत ७४ अंश व्हायला पाहिजे. आणि ५ ते ६० च्या मधे मांस तासन्‌तास पडलं की त्यात जंतू माजतात. वरून वास छान येत होता, मसाल्याचा रंग उतरला होता, कडा शिजल्यासारख्या पांढऱ्या. मधे चिरला तर गुलाबी, चिकट.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं गॅसवर खदखदून उकळ, काही होत नाही." होतं काकू! जंतू मरतात, पण काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. ७८ वर्षांच्या माणसाला मी ते खाऊ घालू? रात्री उलट्या सुरू झाल्या तर दवाखान्यात घेऊन कोण पळणार, फॉल्टवाले?

दिराला घेऊन परसात खड्डा काढला आणि सगळं पुरलं. कुत्र्यालाही टाकलं नाही. मामांनी दुधात भाकरी कुस्करून खाल्ली आणि वर मलाच म्हणाले, "राहू दे पोरी, पुढच्या वेळी." तिथं माझ्या डोळ्यात पाणी आलं.

आणि ज्याला सांगावं तो म्हणतो इन्व्हर्टर घ्या. का घ्यायचा? बिल आम्ही भरायचं आणि लाइट साठवून पण आम्हीच ठेवायची? आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी साठवा, बारा महिने लाइट साठवा, किती साठवायचं माणसानं? कुणी म्हणतं चुलीवर आरावर ठेवायचं. ठेवलं असतं, दुसऱ्या मजल्यावर चूल कुठं मांडू? आणि माझ्या एका तुकड्याचं सोडा, गल्लीतल्या आइस्क्रीमवाल्याचं, पिठाच्या गिरणीवाल्याचं, लस ठेवणाऱ्या मेडिकलवाल्याचं काय होत असेल त्या तीन तासांत?

बिलाची तारीख जवळ आली की मोबाइलवर मेसेज येतो. उशीर झाला की दुसरा येतो. नंबर आहे ना तुमच्याकडं माझा? मग त्याच नंबरवर आदल्या दिवशी एक ओळ टाका, उद्या अकरा ते दोन लाइट नाही. मी तुकडा कुकरमध्ये टाकलाच नसता.