शून्याचा पहारेकरी

माझा भाचा फिनलंडच्या पार उत्तरेला, लॅपलंडमधल्या एका राखीव जंगलात बर्फाची खोली मोजतो. मी साताऱ्यात, शाहूपुरीतल्या अंगणात पाऊस मोजतो. त्याच्या कामाला पगार आहे. माझ्या कामाला बायकोची परवानगी आहे, तीही तोंडी.

पावसाळ्यात माझा जरा भाव असतो. सकाळी ८.३० ला (हवामान खात्याची हीच वेळ, म्हणून माझीही) छत्री मानेत धरून मोजपात्रात पाणी ओततोय तोवर फाटकाशी शेजारचे तात्या हजर.

"किती?"

"४२."

"ह्यॅ! मेढ्याला आमच्या साडूकडं शंभराच्या वर झाला." जणू साडूनंच पाडला. पण आपला जिल्हाच तसा. महाबळेश्वर वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर घेऊन बसलेलं, तिकडं माण ५०० च्या आसपास भागवतंय. मधल्या आम्हा सातारकरांना ना मिरवता येतं ना रडता.

खरी परीक्षा थंडीत. पाऊस नसला तरी नोंद हवीच. कोरा रकाना म्हणजे 'बघितलंच नाही' आणि ०.० म्हणजे 'बघितलं, पडला नाही'. त्यामुळं डिसेंबरात मी कानटोपी, स्वेटर, वर शाल अशा थाटात नरसाळं काढतो आणि रिकामी बाटली उन्हात धरून बघतो. एकदा तळाशी थेंब दिसले. धावत जाऊन भिंग आणलं. दव निघालं. शिवाय नरसाळ्यात एक कोळी बिऱ्हाड करून आहे. रोज सकाळी मी त्याला उठवतो, रोज रात्री तो परत येतो.

भाच्याचा फोन आला की माझी पंचाईत. "मामा, उणे पंचवीस आहे. डिसेंबरात इथं सूर्यच उगवत नाही. डोक्याला दिवा बांधून ठरलेल्या वाटेनं ठिकठिकाणी काठी खुपसायची. झाडाखाली बर्फ कमी, कारण फांद्या अडवतात, मोकळ्यावर जास्त. मग सरासरी." त्यांच्या देशातला विक्रम किल्पिसयार्वीचा, १९९७ च्या एप्रिलमधला १९० सेंटिमीटर. माझी उंची १६३.

"पण नुसत्या खोलीवर जाऊ नकोस," तो म्हणाला, "ताजा, भुसभुशीत बर्फ १० सेंटिमीटर असला तर वितळून पाणी जेमतेम १ सेंटिमीटर." हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

"आज तुझ्याकडं किती, मामा?"

"शून्य."

"काल?"

"शून्यच. पण अचूक."

आणि जानेवारीत एका सकाळी बाटलीत पाणी! मोजलं, बरोबर ५० मिलिमीटर. आकाश निरभ्र, अंगण कोरडं. तात्यांच्या कुंडीतसुद्धा थेंब नाही. नेमकी माझ्या नरसाळ्यावर ढगफुटी! भाच्याला फोन लावणार, एवढ्यात हिशेब डोक्यात आला: नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ५० मिलिमीटरला पाणी लागतं एक लिटर. आमच्या तांब्यात लिटरभरच मावतं.

स्वयंपाकघराच्या दारात ही पदराला हात पुसत उभी.

"अहो, रोज शून्य लिहून तोंड पाडून येता. म्हटलं, एक दिवस तरी काहीतरी लिहा."

वही उघडली. ०.० लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिलं: '५०, घरगुती.'